गाडी बाहेरून चकाचक, मग पत्रा आतून का सडतो? जुन्या गाड्यांची फी वाढल्यावर हा प्रश्न महागात का पडतोय?

आर्वीत आमच्या मोठ्या बाबांकडे 2005 सालची एक छोटी पेट्रोल कार आहे. दर रविवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन ते अंगणात उतरतात आणि गाडी पुसतात. रंग अजूनही उन्हात चमकतो. इंजिन एका चावीत सुरू होतं. 2020 मध्ये गाडीला 15 वर्षं झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा पासिंग करून घेतलं. पुढची पाच वर्षं मिळाली. ती 2025 मध्ये संपली.

यावेळी पासिंगच्या आधी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकली. आवाज ठणठणीत यायला हवा होता, तो भद्द आला. मग त्याने टोक दाबलं, तर ते सरळ आत गेलं. भोकातून मूठभर काळी माती खाली पडली.

"इंजिनचं काही नाही काकाजी, पत्रा सडला," तो म्हणाला.

वीस वर्षं दर रविवारी पुसलेली गाडी आतून सडली कशी? आणि ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या नव्या फीमुळे हा प्रश्न फक्त मोठ्या बाबांचा का राहिलेला नाही? समजून घेऊया.

सरकारने नेमकं काय बदललंय?

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. गावाकडे यालाच आपण पुन्हा पासिंग म्हणतो. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. ती रस्त्यावर चालण्यायोग्य आहे असं निरीक्षकाला वाटलं, तरच पुढची मुदत मिळते. आर्वीच्या माणसाला यासाठी वर्धा गाठावं लागतं.

या कामाची फी टप्प्याटप्प्याने वाढत गेली आहे. 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी ती 600 रुपयांवरून थेट 5,000 रुपये झाली आणि मोटरसायकलसाठी 300 वरून 1,000 रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आणखी एक पायरी जोडली. गाडी 20 वर्षांपेक्षा जुनी असेल, तर आता कारला 10,000 रुपये आणि मोटरसायकलला 2,000 रुपये लागतात. महाराष्ट्रात यावर जुन्या गाड्यांचा पर्यावरण कर वेगळा.

दुसऱ्या बाजूला गाडी मोडीत काढणाऱ्यांना सवलती आहेत. स्क्रॅपिंगचं धोरण 2021 मध्ये आलं. जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली, तर नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या साधारण 4 ते 6 टक्के इतकं मोल मिळावं, असं त्या धोरणात म्हटलं होतं. नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभाही राज्यांना दिली गेली. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला.

म्हणजे जुनी गाडी ठेवणं महाग झालंय आणि नवी घेणं थोडं स्वस्त.

पण ज्याला नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही, त्याच्यासाठी प्रश्न वेगळाच आहे. फी भरल्यावर गाडी पासिंग होण्याच्या लायकीची उरली आहे का? आणि तिच्यावर अजून पैसे घालण्यात अर्थ आहे का? याचं उत्तर बहुतेक वेळा इंजिनमध्ये सापडत नाही. ते पत्र्यात सापडतं.

इंजिन दुरुस्त होतं, मग पत्रा का नाही?

इंजिनचे भाग सुटे मिळतात. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, रेडिएटर, सगळं बदलता येतं. जुन्या जीप किंवा बोलेरोसारख्या गाड्यांमध्ये खाली वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. आजच्या बहुतेक छोट्या कारमध्ये मात्र वेगळी चेसिस नसते. फ्लोअर, दाराखालचा पोकळ पत्रा, दारांमधले खांब आणि छत हे सगळं मिळून एकच पेटी बनते. गाडीचं वजन तीच पेटी पेलते आणि धडक बसली तर मारही तीच झेलते.

भारत एनसीएपी ही आपली क्रॅश टेस्ट ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. त्यात गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरून अडथळ्यावर आदळवतात आणि आतल्या डमीला किती इजा होते ते मोजतात. ही चाचणी नव्या कोऱ्या गाडीवर होते. तोच पत्रा गंजून कागदासारखा झाला असेल, तर कोणतेही स्टार कामाचे नाहीत. सीट बेल्टचे बोल्टही याच पत्र्यात बसवलेले असतात.

म्हणून दाराखालचा पत्रा सडणं हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. तिथे नवा पत्रा वेल्डिंग करून बसवता येतो, पण काम नीट झालं नाही तर मूळची ताकद परत येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा रंग जळतो. त्या जागेवर पुन्हा संरक्षण दिलं नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत गंज परत डोकं वर काढतो.

रंग सगळीकडे सारखाच असतो ना?

नाही. गोम इथेच आहे.

कारखान्यात गाडीची उघडी बॉडी आधी धुतात आणि तिच्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग ती प्रायमरच्या मोठ्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडतात. त्यामुळे प्रायमर कानाकोपऱ्यात जाऊन चिकटतो. हा थर साधारण 20 मायक्रॉनचा असतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. यानंतर जोडांवर सीलर भरतात आणि वर प्रायमर, रंग आणि पारदर्शक क्लिअर कोट असे थर देतात. बाहेरच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात.

हे सगळे थर फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या भागाला मिळतात. दाराची चौकट, डिकीची खाच, बोनेटची आतली बाजू इथे रंग असतो, पण बरेचदा पातळ. दाराच्या पोटात आणि दाराखालच्या पोकळ पत्र्यात तर बहुधा फक्त तो पहिला प्रायमरच असतो.

म्हणजे जिथे पाणी आणि माती सगळ्यात जास्त वेळ थांबते, तिथेच रंग सगळ्यात पातळ असतो. आणि आपण पुसतो तो भाग आधीच सगळ्यात जास्त सुरक्षित असतो.

गंज लागायला लोखंड, पाणी आणि हवा या तीन गोष्टी पुरेशा आहेत. क्षार मिळाले की वेग वाढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो. बाहेर फोड दिसतो, तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

समुद्र नाही, बर्फ नाही, मग आर्वीत गाडी का गंजते?

गंज म्हटलं की आपल्याला कोकणातली खारी हवा आठवते. विदेशात थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथल्या गाड्या सडतात हेही आपण ऐकलेलं असतं. विदर्भ तर कोरडा आणि तापणारा. मग इथे काय होतं?

पहिलं कारण आपली काळी माती. कपाशीच्या काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याहून जास्त असू शकतं. ही माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि वाळली की भेगाळते. पांदण रस्त्याने शेतात गेलेल्या गाडीच्या चाकांवरच्या कमानीत तिचे थर बसतात. वरून माती वाळलेली दिसते, पण आत पत्र्याला टेकलेला थर कितीतरी दिवस ओला राहतो. जखमेवर ओली पट्टी बांधून ठेवावी, तसा हा प्रकार.

दुसरं कारण खत. खरिपाच्या तोंडावर आर्वी तालुक्यात किती कारच्या डिकीतून आणि मोटरसायकलच्या टाकीवरून खताची पोती जातात, ते वेगळं सांगायला नको. पोतं फाटतं, चार दाणे सांडतात आणि डिकीच्या कार्पेटखाली जाऊन बसतात. युरिया पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेतो. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या मिठात जो क्लोराइड असतो, तोच यात असतो. थोडक्यात, समुद्र आर्वीत आला नाही, पण मीठ पोत्यातून आलं.

तिसरं कारण कडुनिंब. उन्हाळ्यात सावली म्हणून गाडी निंबाखाली लावतो. पानं, मोहोर आणि काड्या वायपरखालच्या जाळीतून आत पडतात. हंगामात कापसाचे पुंजकेही तिथेच अडकतात. या जाळीखाली पावसाचं पाणी वाहून जायची वाट असते. ती तुंबली की पाणी साचतं आणि पुढे कार्पेटखाली उतरतं. पाय ठेवायच्या जागी कायम ओलसर वास येत असेल, तर हे एक कारण असू शकतं.

चौथं कारण ऊन. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दारांची रबर बीडिंग त्या उन्हात कडक होते आणि जोडांतला सीलर तडकतो. पहिल्या पावसाचं पाणी त्याच फटीतून आत शिरतं.

एक गोष्ट आणखी. पुलगाव ते आर्वी ही साधारण 35 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे एकेकाळी इथल्या लोकांना नेत होती. ती बंद पडली. आता वर्धा, अमरावती किंवा नागपूरला दवाखान्यात जायचं, तर एसटी नाहीतर स्वतःची गाडी. त्यामुळे इथे जुनी गाडी हौस म्हणून ठेवलेली नसते. तिचं काम असतं.

गंज कुठे लपतो? या आठ जागा तपासा

1. दाराची खालची कड. इथे पाणी निघायला दोन-तीन लहान भोकं दिलेली असतात. काचेवरून दाराच्या पोटात उतरलेलं पाणी त्यातून बाहेर येतं. भोकं तुंबली की दार आतून सडतं.

2. दाराखालचा पोकळ पत्रा. यालाही खालून भोकं असतात. मोठ्या बाबांच्या गाडीत नेमकी हीच मातीने बंद झाली होती.

3. चाकांवरच्या कमानीची आतली दुमडलेली कड. हात आत घालून बोटं फिरवा. मातीचा पट्टा सापडेलच.

4. दाराची चौकट आणि बिजागरं. ग्रीस आणि धूळ मिळून तिथे काळा थर बसतो. त्याखालचा रंग कधी गेला, ते कळत नाही.

5. वायपरखालची जाळी, बोनेटच्या मागच्या कडेला.

6. डिकीच्या रबराखालची खाच आणि स्टेपनी ठेवायचा खड्डा. स्टेपनी शेवटची कधी उचलली होती?

7. पेट्रोलच्या झाकणामागचा खोलगट भाग. इथे धूळ आणि पाणी साचतं, आणि पाणी निघायचं एक लहानसं भोकही असतं.

8. नंबर प्लेटच्या मागे. नव्या एचएसआरपी प्लेट लॉकने बसवलेल्या असतात, त्या काढायच्या नाहीत. वरच्या फटीतून पाणी सोडून मागची माती वाहून जाऊ द्या.

मग धुवायचं कसं?

यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. दोन बादल्या, कार शॅम्पू, जुना रंगाचा मऊ ब्रश, जुना टूथब्रश आणि तीन-चार मायक्रोफायबर कापड पुरेसे आहेत. कपड्यांची पावडर टाळा. ती रंगावरचं वॅक्सचं कवच काढून टाकते आणि खाचांमध्ये तिचे क्षार उरतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी खालचा भाग आणि चाकांच्या कमानी धुवा. तिथली माती कोरडी असताना खरवडू नका. काळी माती भिजायला वेळ लागतो. पाणी मारा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रशने सोडवा. कमानीसाठी वापरलेलं कापड पुन्हा बॉडीवर वापरू नका. त्यातला एक खडा रंगावर ओरखडे पाडायला पुरेसा असतो.

मग चारही दारं, डिकी आणि बोनेट उघडा. चौकटींमध्ये पाइप धरू नका, आत स्विच आणि वायरिंग असतं. ओलं कापड आणि टूथब्रश वापरा. दाराच्या कडेचा काळा थर शॅम्पूच्या पाण्याने सुटतो. बिजागरांवरचं जुनं ग्रीस पुसलं असेल, तर शेवटी थोडं नवं ग्रीस लावायला विसरू नका.

पाणी निघायची भोकं प्लॅस्टिकच्या जाड दोरीने किंवा केबल टायने मोकळी करा. तार किंवा खिळा घालू नका. भोकाच्या कडेचा रंग खरवडला गेला, तर गंजाला आपणच दार उघडून दिल्यासारखं होतं.

वॉशिंग सेंटरवर जात असाल, तर एवढं सांगा: "खालून आणि कमानीत नीट मारा. इंजिनवर आणि दाराच्या रबरावर जवळून जेट मारू नका." जोराचा जेट रबराच्या आड पाणी ढकलतो आणि सैल झालेला रंग उचकटतो. इंजिन गरम असताना तर त्यावर पाणी नकोच.

पाण्याचा प्रश्नही आहे. आर्वीत उन्हाळ्यात पाइप लावून गाडी धुणं शहाणपणाचं नाही आणि त्याची गरजही नाही. लपलेल्या जागांची खोल सफाई वर्षातून दोनदा पुरते. एकदा पावसाळ्याआधी, मे अखेरीस, म्हणजे भोकं मोकळी राहतील. दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, म्हणजे आत बसलेली माती निघेल. शिवाय खताची खेप झाली की डिकी त्याच दिवशी झाडून, ओल्या कापडाने पुसून घ्या.

शेवटची पायरी सगळ्यात जास्त लोक विसरतात. ती म्हणजे वाळवणं. धुतल्यावर दारं आणि डिकी उघडी ठेवून गाडी अर्धा तास वाऱ्यावर उभी करा. ओली गाडी बंद करून कव्हर घालणं म्हणजे गंजाला निवांत जागा करून देणं.

धुतल्यावर संरक्षणासाठी काय लावायचं?

चौकटी, डिकीची खाच, बोनेटची आतली कड अशा रंगवलेल्या जागांवर साधं कार वॅक्स चालतं. कोरड्या कापडाने पातळ थर द्यायचा आणि पुसून टाकायचा. पाणी तिथे थांबत नाही आणि पुढच्या वेळी धूळही लवकर निघते.

पोकळ जागांसाठी कॅव्हिटी वॅक्स नावाचा प्रकार मिळतो. लांब नळीच्या स्प्रेने तो दाराच्या पोटात आणि दाराखालच्या पत्र्यात फवारतात. तो पूर्ण कडक होत नाही, त्यामुळे फटींमध्ये पसरतो. फवारल्यावर पाणी निघायची भोकं पुन्हा मोकळी आहेत ना, ते मात्र पाहा.

खालच्या बाजूला अंडरबॉडी कोटिंग करतात. नव्या किंवा स्वच्छ गाडीवर ते उपयोगी पडतं. पण माती आणि गंज तसाच ठेवून वर डांबरासारखा काळा थर मारला, तर ओलावा आत कोंडला जातो. वरून काळंभोर, छान दिसतं आणि आत पत्रा सडत राहतो. म्हणून कोटिंगच्या आधी गाडी धुऊन पूर्ण वाळवली का, हे स्वतः उभं राहून बघा.

आणखी एक गैरसमज. टेफ्लॉन किंवा सिरॅमिक कोटिंग म्हणून जे विकलं जातं, ते प्रामुख्याने बाहेरच्या रंगाची चमक टिकवण्यासाठी असतं. त्याने दाराच्या पोटातला गंज थांबत नाही.

आणि गावोगावी चालणारा उपाय? गाडीच्या खालून डिझेल किंवा जळालेलं ऑइल फवारणं. त्याने काही दिवस पाणी लागत नाही, हे खरं. पण रबराचे बुश फुगून खराब होतात, धूळ आणखी चिकटते, ब्रेकवर तेल उडण्याचा धोका राहतो आणि शेवटी ते ऑइल मातीत आणि पाण्यात जातं. हा उपाय टाळलेला बरा.

रंग उडालेला छोटा ठिपका दिसला, तर तो त्याच आठवड्यात बंद करा. पॉलिश पेपरने गंज घासा, गंज रोखणारं प्रायमर लावा आणि वर टच-अप रंग. काही शे रुपयांत होणारं हे काम दोन वर्षं टाळलं, तर वेल्डिंगवर जातं.

मोटरसायकलचं काय?

आर्वीत कारपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त. तिथेही हेच गणित आहे, जागा तेवढ्या वेगळ्या. मडगार्डची आतली बाजू, सीटखालची चेसिस, टाकीचं बूड, चेन कव्हरच्या मागचा भाग आणि साइड स्टँडचा जोड. शेतातून आल्यावर मडगार्डमधली माती काढायची सवय लावली, तरी निम्मं काम होतं. सीट महिन्यातून एकदा उघडा. खाली धूळ, काड्या आणि कधीकधी उंदराचं घरही सापडतं.

जुनी गाडी विकत घेताय?

हीच माहिती इथे सगळ्यात जास्त पैसे वाचवते. गाडी पाहायला जाताना बोनेटवरची चमक नंतर बघा. आधी पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक न्या. दाराच्या खालच्या कडेला आणि कमानींवर ते फिरवा. स्टीलच्या पत्र्यावर ते चिकटायला हवं. एखाद्या ठिकाणी चिकटलं नाही, तर तिथे पुटी भरून रंग मारलेला असू शकतो. बंपर प्लॅस्टिकचे असतात, तिथे हा प्रयोग करू नका.

मग कार्पेट उचला, स्टेपनी काढा आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. बेल्टच्या आतल्या टोकावर चिखलाचे डाग असतील, तर गाडी पुरात बुडालेली असण्याची शक्यता आहे. विक्रेता बाहेरून गाडी नवी करू शकतो, पण या जागा पूर्ण लपवणं त्याला अवघड जातं.

मग फक्त वयावरून फी घेणं योग्य आहे का?

याला दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे.

सरकारची बाजू अशी, की जुन्या गाड्या जास्त धूर सोडतात. 2005 मध्ये देशात बहुतेक ठिकाणी बीएस-2 मानक होतं. 2020 पासून बीएस-6 आहे. दोन्हींच्या धुरात मोठा फरक आहे. पत्रा कितीही जपला तरी इंजिन बीएस-6 होत नाही, हे मान्य करायला हवं.

पण दुसरी बाजूही आहे. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणारी, जपलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर रेटलेली, सडलेली गाडी दोघींना फी एकच लागते. जपण्याचं बक्षीस काहीच नाही. दिल्लीत 10 वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि 15 वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना 1 जुलै 2025 पासून पंपावर इंधन न देण्याचा प्रयत्न झाला. तेव्हाही लोकांचा मुख्य सवाल हाच होता: गाडीचं वय बघता, मग अवस्था का बघत नाही? विरोधानंतर काही दिवसांतच तो निर्णय लांबणीवर टाकावा लागला.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी नावाची तपासणी होते. सीट बेल्ट, सस्पेन्शन अशा महत्त्वाच्या जोडांपासून 30 सेंटिमीटरच्या आत पत्र्याला घातक गंज असेल, तर गाडी नापास होते. तिथे गंज मोजण्याचा ठरलेला नियम आहे. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली अशी तपासणी 15 वर्षांनी होते. तोपर्यंत आत काय चाललंय, हे ना मालकाला कळतं, ना सरकारला. 15 वर्षांनी गंज सापडून उपयोग काय? तेव्हा फक्त निकाल कळतो.

म्हणजे मधली 15 वर्षं ही जबाबदारी पूर्णपणे मालकाची आहे. आणि मालकाला ती कोणी सांगितलेलीच नसते.

मोठ्या बाबांनी काय ठरवलं?

त्यांनी वहीवर हिशेब मांडला. पासिंगची फी 10,000, वर पर्यावरण कर, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचं वेल्डिंग आणि रंग. शेवटचा आकडा गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. दोन दिवस ते कोणाशी फारसं बोलले नाहीत. मग म्हणाले, "देऊन टाकू."

गाडी ओळखीच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायचं ठरलं. तसं केलं तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, नव्या गाडीच्या करात सवलत घेता येते आणि आरटीओतली नोंदणी रीतसर रद्द होते. नोंदणी तशीच ठेवून गाडी कोणाच्याही हवाली केली आणि उद्या ती कुठे वापरली गेली, तर कागदोपत्री मालक तुम्हीच राहता.

घरात माझ्या चुलतभावाची 2018 ची कार आहे. गेल्या रविवारी मोठे बाबा बादली घेऊन तिच्याकडे गेले. यावेळी त्यांनी सुरुवात बोनेटपासून केली नाही. चारही दारं उघडली, खाली वाकले आणि दाराच्या कडेची भोकं शोधायला लागले. चारपैकी तीन दारांची भोकं तुंबलेली होती. तिसऱ्या दारातून पेलाभर गढूळ पाणी बाहेर आलं.

ती गाडी 2033 मध्ये 15 वर्षांची होईल. तेव्हा फी किती असेल, हे आपल्या हातात नाही. दाराखालची भोकं मात्र आहेत. तुमच्या गाडीची आजच बघून घ्या.